मामेबहिणीच्या लग्नातला ड्रोन: कुठे उडवला, कुठे नाही, आणि का

लग्न फेब्रुवारीतलं, मुहूर्त दुपारी १२:३५ चा, लॉन्स पिंपळगाव बसवंतच्या पुढे, मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडं आत, आणि तीन बाजूंनी द्राक्षबागा. नवरी माझी मामेबहीण. मामांचा फोन आला, "अरे तुझा तो ड्रोन घेऊन ये बरं का, वरून सगळं आलं पाहिजे, वरात, अक्षता, पंगत, सगळं." ज्याच्याकडे छोटा कॅमेरा ड्रोन आहे त्याला असा फोन कधी ना कधी येतोच आणि घरच्या कार्याला नाही कोण म्हणणार, पण "सगळं" या शब्दात खरी अडचण आहे. म्हणून हे एकच लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढतोय, काय विचार केला, कुणाशी काय बोललो, कुठला शॉट घेतला आणि कुठला सोडला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: लग्नात ड्रोन माणसांच्या डोक्यावर न्यायचाच नाही, तो मोकळ्या जागेवर ठेवायचा आणि कॅमेरा माणसांकडे तिरपा करायचा. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

माझ्याकडे डीजेआय मिनी २ आहे, वजन २४९ ग्रॅम, आयातबंदीच्या आधी घेतलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आयात करायला सरकारने बंदी घातली आहे, संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशी कामं सोडून. तर हा मिनी २ म्हणजे चांगलं गुणी मशीन आहे पण लग्नाच्या दृष्टीने त्याच्यात एक गोष्ट नाहीये, समोर आणि बाजूला अडथळा ओळखणारे सेन्सर नाहीत, फक्त खाली बघणारे आहेत. म्हणजे समोर वायर आली, झाडाची फांदी आली, मांडवाचा दोर आला तर तो थांबणार नाही, थांबवायचं काम आपलं. हे मामांना सांगून उपयोग नव्हता पण मी प्लॅन करताना प्रत्येक वेळी हेच धरून चाललो.

पहिलं काम केलं ते नकाशा बघायचं. ड्रोन रूल्स २०२१ आले तेव्हापासून देशाचा हवाई नकाशा हिरवा, पिवळा, लाल असा विभागलेला आहे आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. हिरव्यात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, पण चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटर म्हणजे २०० फूट होते, आणि त्याच्याही आत गेलात की परवानगीशिवाय उडवायचंच नाही. नाशिककडच्या लोकांनी हे नीट लक्षात घ्यायला पाहिजे, कारण आपल्याकडे ओझरला एचएएलचा कारखाना आणि विमानतळ आहे जिथे सुखोई-३० ही लढाऊ विमानं बनतात आणि उडतात, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. शहराच्या आजूबाजूला लॉन्स कुठेही असलं तरी यातलं काहीतरी जवळ निघतंच. आमचं लॉन्स ८ ते १२ च्या पट्ट्यात येत होतं. मी ड्रोनच्या ॲपमध्ये कमाल उंची ६० मीटरवर लॉक केली आणि तो विषय तिथेच संपवला.

इथे खूप जणांचा एक समज असतो तो सांगतो. "२५० ग्रॅमच्या खालचा आहे ना, मग काही नाही लागत." असं नाहीये. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं. २५० ग्रॅम ते २ किलो मायक्रो, त्याला हौस म्हणून उडवत असाल तर सर्टिफिकेट नाही, पण धंद्यासाठी उडवत असाल तर लागतं. पण रेड झोन म्हणजे नकाशावरचा लाल भाग, विमानतळाचा पट्टा, उंचीची मर्यादा हे नॅनोलाही तसंच्या तसं लागू आहे, विमानाला तुमचा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे की ९०० चा याने काही फरक पडत नाही. नियम मोडले तर दंड १ लाखापर्यंत जाऊ शकतो. आणि अजून एक, पंख्यांना प्रोपेलर गार्ड लावले की २४९ चा ड्रोन २५० च्या वर जातो, म्हणजे सेफ्टीसाठी लावलेल्या गार्डमुळे वर्ग बदलतो, हे तर फार कमी जणांच्या डोक्यात असतं.

नकाशा हिरवा असला तरी जिल्ह्यात त्या त्या वेळी मनाई आदेश असू शकतो, पूर्वी कलम १४४ म्हणायचो ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ आहे, त्याखाली ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेवर बंदी लागते. म्हणून मामांच्या सहीने पोलीस ठाण्यात साधा अर्ज दिला, लग्नाची तारीख, जागा, ड्रोनचा नंबर, उडवणाऱ्याचं नाव, मोबाईल, आणि पोच घेतली. गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून आलो. मामांना हे जरा जास्तच वाटलं, "लग्नाचं शूटिंग आहे रे, काय चोरी करतोय का आपण." पण २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरताना दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि गावंच्या गावं चोरांच्या भीतीने जागी राहिली होती ते मी त्यांना आठवून दिलं. द्राक्षाच्या ऐन सीझनमध्ये बागेवर अनोळखी ड्रोन आला तर शेतकरी काय समजेल? त्यानंतर मामा स्वतः शेजारच्या बागाइतदाराकडे माझ्यासोबत आले.

आणि ती भेट सगळ्यात कामाची ठरली. लॉन्सच्या पूर्वेला त्यांचं एक मोकळं वावर होतं, बागेच्या आणि लॉन्सच्या भिंतीच्या मध्ये, कांदा काढून झालेलं. त्यांनी तिथून उडवायला हो म्हटलं, फक्त दोन गोष्टी सांगितल्या, बागेत काढणीच्या बाया काम करत असतील त्यांच्यावर कॅमेरा नको, आणि पश्चिमेच्या बांधावरून ११ केव्हीची विजेची लाईन गेलीय ती लक्षात ठेव. ती लाईन मला लॉन्समधून दिसलीच नव्हती, झाडांच्या मागे होती. ड्रोनच्या स्क्रीनवर वायर दिसत नाही हो, खांब दिसतो, वायर नाही. म्हणून मी खांब कुठे कुठे आहेत ते पायी फिरून बघितले आणि पश्चिमेची बाजू पूर्ण सोडून द्यायचं ठरवलं. बागेत पक्षी घालवायला चमकणाऱ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या त्याही काही ठिकाणी चांगल्या उंच होत्या.

टेकऑफ लॉन्सच्या आतून का नाही केला हे पण सांगतो कारण बरेच जण इथेच फसतात. लग्नाचा मंडप म्हणजे वर पत्रा नाहीतर कापड, खाली लोखंडी ट्रस म्हणजे सांगाडा, बाजूला जनरेटरची गाडी, डीजेचे स्पीकर. मंडपाखाली किंवा कडेला जीपीएसचे सॅटेलाइट पुरेसे मिळत नाहीत, घाई करून उडवलं तर होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, नोंदलाच जात नाही किंवा चुकीचा नोंदला जातो. ड्रोनच्या कंपासला लोखंड आणि स्पीकरचे मॅग्नेट दोन्ही नकोत. आणि समजा सिग्नल तुटला तर रिटर्न टू होम (आरटीएच) काय करतं, आधी सरळ वर जातं ठरवलेल्या उंचीपर्यंत आणि मग घरी येतं, म्हणजे ड्रोन मंडपाच्या कडेखाली असेल तर वर जाताना थेट ट्रसला नाहीतर लायटिंगच्या माळेला भिडणार आणि खाली पाहुणे. म्हणून वावरातून टेकऑफ, आरटीएच ४० मीटर, कारण आसपासची सगळ्यात उंच गोष्ट मोबाईल टॉवर होती आणि ती त्याच्या खाली होती. ही उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते, ड्रोन ज्याच्या वर आहे त्या जमिनीपासून नाही, टेकाडाच्या भागात हे विसरू नका.

आता माणसं. लग्नाला शूटिंगवाल्यांची टीम ठरलेली होती, कॅन्डिडवाला वेगळा, व्हिडिओवाला वेगळा, आणि त्यांच्यासोबत त्यांचा ड्रोनवाला. म्हणजे एकाच लॉन्सवर दोन ड्रोन. मामांना वाटत होतं दोन असले तर अजून चांगलं. मला मात्र याचीच सगळ्यात जास्त काळजी होती. दोघेही स्क्रीनकडे बघतोय, दोघांनाही वाटतंय वरची हवा आपलीच, आणि दोघांच्याही ड्रोनला दुसरा ड्रोन दिसत नाही. मी आदल्या दिवशी त्या ड्रोनवाल्याला भेटलो, भला माणूस होता, सर्टिफिकेट काढलेलं, ड्रोन मायक्रो वर्गातला. उंची वाटून घ्यायची का, तू वर मी खाली, असा विषय निघाला पण दोघांनाही ते पटलं नाही, कारण आरटीएच लागलं की ड्रोन वाटून घेतलेली उंची पाळत नाही. शेवटी साधं ठरलं, एका वेळी हवेत एकच. वर जायच्या आधी फोन, खाली आल्यावर फोन, फोन लागला नाही तर उडवायचं नाही.

बोलता बोलता तो म्हणाला की प्रत्येक लग्नात कुणीतरी बाह्या सावरून येतो आणि म्हणतो खाली आण, अजून खाली आण, नाचणाऱ्यांच्या मधून काढ, आणि पैसे घेतलेले असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं कारण काही झालं तर जबाबदारी त्या बिचाऱ्यावरच येणार. २०१६ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये ड्रोन दोन पाहुण्या बायकांना लागून त्या जखमी झाल्या, आणि त्यांनी थेट नवरदेवावर आणि जागेच्या व्यवस्थापनावर दावा लावला. ज्याचं लग्न तोच कोर्टात. हे मी मामांना आणि व्याह्यांना दोघांनाही सांगितलं, घाबरवायला नाही, तर "खाली आण" म्हणणाऱ्यांना थोपवायचं काम घरच्या मोठ्यांनीच करावं म्हणून. व्याही शांत माणूस, म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगाल तसं, आमच्याकडचं कोणी बोललं तर माझं नाव सांगा." ते एक वाक्य दिवसभर कामाला आलं.

थोडा हिशोब मांडतो. ड्रोन ३० मीटरवर असताना बंद पडला तर जमिनीवर यायला साधारण अडीच सेकंद लागतात आणि हवेचा अडथळा सोडून दिला तर खाली येताना वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. अडीच सेकंदात ज्याच्या डोक्यावर पडणार तो माणूस वर बघेपर्यंत वेळ संपलेली असते. आणि ड्रोन पुढे जात असेल तर सरळ खाली पडत नाही, पुढे जाऊन पडतो. सिने मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात हळू मोडमध्ये, मिनी २ चा वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणजे अडीच सेकंदात १५ मीटर पुढे. म्हणून नुसतं "गर्दीच्या वर नाही" एवढं पुरत नाही, गर्दीपासून आडवं अंतर पण पाहिजे, मी जेवढी उंची तेवढं आडवं अंतर असं धरतो, आणि उडण्याची दिशा गर्दीकडे नाही तर गर्दीला समांतर. हे २४९ ग्रॅमच्या ड्रोनचं. मोठा असेल तर अंतर अजून वाढवायला पाहिजे.

वरात सकाळी दहाच्या सुमारास, गावातल्या मारुतीच्या देवळापासून लॉन्सपर्यंत, पुढे बँजो, मागे डीजेची गाडी, मध्ये घोड्यावर नवरदेव. घोडेवाल्याला मी आधीच गाठलं होतं. तो म्हणाला घोड्याला बँजोची सवय आहे, फटाक्यांची पण आहे, पण डोक्यावर घूं घूं करणारं काही मागून आलं तर बिथरेल, समोरून आणि लांबून असेल तर चालेल. ड्रोनचा आवाज माणसाला डीजेमध्ये ऐकू येत नाही पण जनावराला येतो, आणि घोडा उधळला तर वर नवरदेव, खाली पोरं, बायका. म्हणून घोड्याच्या जवळचा शॉट मी यादीतून काढूनच टाकला. रस्त्याच्या पूर्वेला मोकळी शेतं होती, त्यावर २५ मीटर उंचीला, रस्त्यापासून तेवढंच लांब ठेवून, वरातीला समांतर हळूहळू सरकत शॉट घेतला, कॅमेरा तिरपा खाली. बँजोवाल्यांचे लाल कोट, फेट्यांचा पट्टा, मागे द्राक्षबागांच्या सरळ ओळी आणि लांब सप्तशृंगीकडचे डोंगर धुक्यात. खरं सांगतो, डोक्यावरून काढलेल्या शॉटमध्ये फक्त केस, फेटे आणि टकला भाग दिसतो, चेहरा नाही. बाजूने काढलं की माणसं ओळखू येतात, आपली आत्या नाचतेय हे कळतं. म्हणजे जे सुरक्षित आहे तेच दिसायलाही चांगलं आहे, हे मला फार समाधानाचं वाटतं.

फटाक्यांच्या वेळी ड्रोन खाली. ते पेपर ब्लास्ट करतात ना, रंगीत कागदाचे तुकडे उडवणारं मशीन, तेव्हाही खाली, चमकीचा कागद पंख्यात अडकू शकतो. आकाशात जाऊन फुटणारे शॉट लावले होते, ते किती वर जातात याचा काही भरवसा नसतो.

मग अक्षता. मामांना सगळ्यात जास्त हवा होता तो शॉट हाच, अंतरपाट धरलेला, दोन्हीकडे वधूवर, मंगलाष्टका संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि सगळीकडून अक्षता पडतात, आणि हे सगळं बरोब्बर वरून. मागणी चुकीची नव्हती, चित्र खरंच सुंदर असतं. पण स्टेज अर्धं मंडपाखाली, अर्धं उघडं, वर लायटिंगच्या माळा, चारी बाजूंनी माणसं दाटीने उभी, म्हणजे आडवं अंतर शून्य. ड्रोन वर उभा केला की पंख्याचा वारा थेट खाली, हळद-कुंकवाचं ताट, पत्रावळी, होमाची राख, नवरीची ओढणी सगळं हलणार. मंगलाष्टकांच्या आवाजात ती घरघर रेकॉर्ड होणार, आणि गुरुजींना काय वाटेल हा वेगळाच प्रश्न, वर्षभर वाट बघितलेली ती दोन मिनिटं कुणाला मोटरच्या आवाजात ऐकायची आहेत.

यावर मी नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तर मामा नाराज झाले असते आणि ऐनवेळी कुणीतरी त्या दुसऱ्या ड्रोनवाल्यावर दबाव टाकला असता. म्हणून दुसरा रस्ता काढला. मंडपवाल्याकडून स्टेजच्या वरच्या आडव्या पाइपला क्लॅम्प लावून घेतला आणि त्याला एक छोटा ॲक्शन कॅमेरा सरळ खाली तोंड करून बसवला, सोबत सेफ्टीची दोरी बांधली, पॉवर बँक लावली, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी रेकॉर्डिंग चालू. आवाज नाही, वारा नाही, कुणाला कळलं पण नाही. त्यात अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक, नवरीच्या मामांचा, म्हणजे माझ्या मामांचा नाही हो, तिच्या खांद्यावरचा हात, आणि अक्षतांचा पाऊस इतका छान आला की व्हिडिओवाल्याने तोच मुख्य शॉट म्हणून वापरला. लोकांना "वरून" पाहिजे असतं, "ड्रोनने" पाहिजे असं नसतं. हा फरक आधी विचारून घेतला तर निम्मे वाद होतच नाहीत.

मुहूर्ताच्या दरम्यान ड्रोन वावरातच होता, पण अक्षता पडून वाजंत्री वाजली त्यानंतर मी पूर्ण लॉन्स, मंडप, पार्किंगमधल्या गाड्या आणि बागा असा एक मोठा शॉट घ्यायला वर गेलो, ५० मीटरपर्यंत, लॉन्सच्या भिंतीच्या बाहेरच. दुपारी एकच्या सुमाराला ऊन कडक, सावल्या छोट्या, पांढरा मंडप जळून जातो. मिनी २ चं ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, एफ २.८ ला फिक्स आहे, कमी-जास्त करता येत नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० ठेवला आणि उजेड कमी करणारा एनडी ६४ फिल्टर लावला तेव्हा कुठे शटर १/५० सेकंदाला बसलं. सेकंदाला २५ फ्रेम असताना १/५० शटर ठेवायचं अजून एक कारण म्हणजे आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मंडपातल्या लाइटचा लुकलुकाट बऱ्याच अंशी टळतो. आणि २५ फ्रेम का, तर शूटिंगवाल्यांचे सगळे कॅमेरे २५ वर होते, ते मी आदल्या दिवशीच विचारलं होतं. बरेच हौशी लोक ३० वर शूट करून देतात आणि मग एडिटिंगवाल्याकडे शॉट अडखळत चालतो, आणि नाव ड्रोनचं खराब होतं.

हा शॉट चालू असताना घारी आल्या. दुपारी जमीन तापली की गरम हवेवर घारी चढतात, आणि पंगतीच्या मागे उष्ट्या-खरकट्याचा ढीग असेल तर तिथे हमखास असतात. पहिल्यांदा एकच घार लांबून गोल फिरत होती, मग दुसरी आली आणि पहिली ड्रोनच्या वर आली. घार वरून झडप घालते, त्यामुळे ती वर आली की शॉट कितीही चांगला चालू असो, सोडायचा. मी ड्रोन वावराच्या बाजूला आडवा काढला आणि उतरवला. शॉट अर्धाच मिळाला, पार्किंगची बाजू आलीच नाही. मामेभाऊ म्हणाला, "दादा परत एकदा टाक ना वर, गेल्या बघ." गेल्या नव्हत्या, लांब होत्या. नाही टाकला. घारीला पंख्याचं पातं लागलं तर ती जखमी होणार, तिला भारतात कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिची काही चूक नाही, ती तिच्या हवेत आहे. याबाबतीत मला कुणी कितीही आग्रह केला तरी मी ऐकत नाही.

पंगतीचा शॉट सोडला. जेवणाऱ्यांच्या पानात धूळ उडवायला मला कुणी बोलावलं नव्हतं. हातात गिम्बल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, धरून चालत घेतला, भाकरी, वांग्याची भाजी, बुंदी वाढताना, आग्रह करणाऱ्या मावश्या, ते ड्रोनला जमणारही नाही.

रात्री रिसेप्शन होतं, तिथे ड्रोन बाहेरच काढला नाही. मिनी २ चा सेन्सर छोटा, १/२.३ इंचाचा, अंधारात चित्रावर दाणे येतात, खालचे सेन्सर उजेड नसला की नीट काम करत नाहीत, आणि माळा, वायरी, दोर काहीच दिसत नाही. दुसऱ्या ड्रोनवाल्याने पण नाही उडवला. एक दोन पोरांनी विचारलं, व्याह्यांचं नाव सांगितलं, विषय संपला.

पाठवणी मात्र संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला होती, रिसेप्शनच्या आधी आणि ऊन उतरल्यावर, आणि दिवसाचा सगळ्यात चांगला शॉट तिथे मिळाला. रडारडीच्या वेळी ड्रोन नाही, तेव्हा फोटोग्राफरनेही लांब राहावं असं मला वाटतं. गाडी लॉन्सच्या गेटमधून निघून बागांमधल्या कच्च्या रस्त्याला लागली, रस्ता मोकळा, दोन्हीकडे वेली, माणसं सगळी गेटपाशी मागे. तेव्हा वावरातून ड्रोन वर, गाडीच्या मागे नाही तर बाजूने, ३५ मीटरवर, धुळीचा पट्टा मागे उठतोय आणि ऊन पिवळं. गाडीच्या ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं की पहिलं वळण येईपर्यंत हळू चालव. त्याला सांगितलं नसतं तर तो ड्रोनकडे बघत गाडी चालवत बसला असता, हे पण होतं लोकांचं. आणि मुद्दाम बॅटरी या शॉटसाठी राखून ठेवली होती, कंपनी ३१ मिनिटं सांगते पण मी २० च्या पुढचा प्लॅनच करत नाही, वारा असला की परत येताना बॅटरी वेगाने उतरते.

सगळं फुटेज घरी येऊन बघितलं तेव्हा एका शॉटच्या कडेला काढणीच्या बायांची झोपडी आणि बाहेर बसलेली माणसं आली होती. तो तुकडा कापून टाकला, कच्च्या फुटेजमधूनही, कारण कच्चं फुटेज पेनड्राइव्हवरून चार जणांकडे फिरतंच. बागाइतदारांना शब्द दिला होता. त्यांना त्यांच्या बागेचा एक शॉट वेगळा काढून पाठवला, ते खूश झाले आणि फोन करून म्हणाले एकदा बाग पूर्ण बहरात असताना ये.

महिन्याभराने मामांच्या ओळखीतले एक जण घरी आले, त्यांच्या मुलाचं लग्न, पाठवणीचा तोच शॉट दाखवून म्हणाले असंच पाहिजे, पैसे सांगा. पैसे घ्यायचे म्हटलं की मी हौशी राहत नाही. नॅनोला सर्टिफिकेट लागत नसलं तरी पैसे घेतल्यावर "खाली आण" ला नाही म्हणणं अवघड होतं, ते त्या ड्रोनवाल्याकडून मी ऐकलेलं होतं. मी त्यालाच फोन लावून दिला, त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे, विमा आहे. फक्त त्यांच्या लॉन्सचं लोकेशन मागून घेतलं आणि नकाशावर टाकलं, तर ते ओझरच्या बाजूला, ८ किलोमीटरच्या आत निघालं. ते त्या दोघांनाही तेव्हाच कळवलं, म्हणजे परवानगी मिळते का हे बघायला लग्नापर्यंत वेळ राहील, आणि नाही मिळाली तर मंडपवाल्याला वरच्या पाइपचं आधीच सांगता येईल.